काचेची झाकणं

३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

बाबा तीन दिवस इस्पितळात आहेत. जुलाब, उलट्या, ताप. आपल्या कॅन्टीनमध्ये जेवलेले अकरा कामगारही आजारी पडले, ते सावरले. बाबांचं वय आड आलं. रोजच्यासारखं पहिलं ताट त्यांनीच चाखलं होतं ना!

उकडलेल्या अंड्यांच्या कापांवर साल्मोनेला सापडला. स्वयंपाकघराला सील ठोकलंय. तू पाठवलेला अतिनील दिवा मी कापांच्या ट्रेवर रोज वीस मिनिटं लावत होतो, घड्याळ समोर ठेवून. मग जंतू जगले कसे? मी ढ आहे हे तू लहानपणापासून सांगतेस. आता कुठे चुकलो तेही सांग. माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

पत्र आत्ताच वाचलं. त्या दिव्याचे किरण जंतूंच्या डीएनएला इजा करतात, मग जंतू वाढत नाहीत. पण ते थेट अंगावर पडले तरच. ट्रेवर काचेची झाकणं नव्हती ना? निळा उजेड काचेतून दिसतो, मारक किरण मात्र काचेतच अडतात. प्रयोगशाळेत दिवा लावण्याआधी जंतूंच्या बशीचं झाकण आमचा हात आपसूक काढतो, म्हणून तुला लिहायचं सुचलंच नाही. झाकणं नव्हती म्हण रे. हात जोडते.

शुक्रवारच्या गाडीने निघते. बाबांना सांग, त्यांची भांडखोर लेक येतेय.

तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. नव्हती असंच लिहिणार होतो, जमलं नाही. होती झाकणं. अन्न उघडं टाकलं म्हणून लहानपणी तुझे किती धपाटे खाल्ले! ती सवय अंगातच मुरली.

बाबांनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दिवा लागलेला असताना ट्रेवर झाकण असायचं का, एवढंच त्यांनी विचारलं आणि झाकणाचं ताईला कळवू नकोस म्हणून बजावलं. का ते तुझं पत्र वाचून कळलं. आता मूत्रपिंडं बंद पडत चाललीत. डॉक्टर भरवसा देत नाहीत.

शुक्रवारची वाट पाहू नकोस, मिळेल त्या गाडीने ये. ते मधूनमधून शुद्धीवर येतात आणि तुलाच विचारतात. तू आलीस की अंडीच खराब होती असं ते तुला सांगतील. ताई, तू हो म्हण.

तुझा धाकटा