मागच्या बाकावरचे काका

प्रिय बाबा,

काल प्रणालीने भर वर्गात विचारलं, "मॅडम, ते मागच्या बाकावरचे काका हल्ली येत नाहीत?" मी पटकन म्हणाले, "गावाला गेलेत." तुमचं तेरावं होऊन आठवडा झालाय, बाबा! म्हणून हे पत्र. खरं कुठेतरी सांगायलाच हवं.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तुमचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर म्हणालात, "तुझ्या क्लासला बसतो. मशीनवरचं इंग्रजी दुसऱ्याला विचारत आलो, लय झालं आता." आणि मी? "बसा, पण मी तुमची मुलगी हे कळू देऊ नका." कारण क्लासच्या जाहिरातीत मीच छापलं होतं, 'घरात इंग्रजी बोलतच वाढलेल्या शिक्षिका'. तुम्ही हसलात. "त्यात काय? मॅडम म्हणीन की."

नाशिकरोडला माझ्याच स्कूटरवरून यायचात, पण चौकात उतरून पाच मिनिटांनी वर्गात शिरायचात. मला एकदाही लाज कशी वाटली नाही?

त्या दिवशी अ‍ॅडजेक्टिव्ह आणि अ‍ॅडव्हर्ब काही केल्या मुलांच्या डोक्यात शिरेनात. तुम्ही उठलात. "शब्द माणसाबद्दल बोलतो का त्याच्या कामाबद्दल, तेवढंच बघायचं. कामगार स्लो, हे अ‍ॅडजेक्टिव्ह. काम करतो स्लोली, हे अ‍ॅडव्हर्ब."

"मग फास्ट?" प्रणालीने विचारलं.

"तो दोन्ही पाळ्या करतो! आमच्या प्लँटला होते असे दोघं-तिघं."

वर्ग खो-खो हसला आणि सगळ्यांना समजलं. मला मात्र 'आमच्या प्लँटला' एवढंच ऐकू आलं. आता कुणीतरी ओळख काढेल आणि माझं बिंग फुटेल म्हणून घाबरले आणि ओरडले, "काका, खाली बसा. शिकवायला मी आहे."

काका! स्वतःच्या बापाला! "सॉरी मॅडम" म्हणून तुम्ही वहीत मान घातलीत. घरी येऊन चहा टाकलात, तोही दोघांचा. रागवायचं होतंत हो एकदा तरी!

रामकुंडावर दशक्रियेला क्लासमधलं कुणीच नव्हतं. कसं असेल? मी 'ताप आलाय' म्हणून सुट्टी कळवली होती.

मला माझा भरवसा नाही, सोमवारपर्यंत पुन्हा काहीतरी थाप सुचेल. म्हणून आज सकाळीच तुमचा फोटो क्लासच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझे वडील. या महिन्यात गेले.' लगेच प्रणालीचा मेसेज आला, 'मॅडम, हे तर आपले काका!'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. सोमवारी सगळ्यांसमोर उभी राहून देईन, बाबा. एकही गोष्ट न लपवता.

तुमची मुलगी,
सुनीता