सातव्या फेरीपर्यंत

एर्लांगेन,
रविवार, ११ जून २०१७

प्रिय वासंती,

हे पत्र सत्यजितच्या हाती देतोय. सत्यजित म्हणजे आपल्या स्पृहाच्या प्रयोगशाळेतला, मूळ नाशिकचा. उद्या तो पुण्याला निघतोय आणि बुधवारी घरी येऊन पत्र तुला देईल. त्याला चहा दे, पण काही विचारू नकोस. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही. फोनवर सांगायला हवं होतं, कळतं मला. पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, आणि हे तीन वाक्यांत मावणारं नाही. तेव्हा गॅस बंद कर, चष्मा लाव आणि शांतपणे वाच.

मार्चमध्ये तू मला इथे स्पृहाकडे पाठवलंस ते एका कामासाठी, तिच्या फ्लोरियानला लग्नाला नकार द्यायला. “मी आले तर मान्य केल्यासारखं होईल. अहो, तुम्हीच जा आणि त्याच्या तोंडावर सांगून या,” असं म्हणालीस. काय सांगायचं तेही बसवून दिलंस. आमची एकुलती एक मुलगी, आमच्याकडच्या पद्धती वेगळ्या, राग मानू नका. मी अबू धाबीपर्यंत ते मराठीत घोकलं आणि पुढे इंग्रजीत. न्यूरेनबर्गला उतरलो तेव्हा अगदी तयार होतो.

पण वासंती, आपण फोटोत पाहिला होता तो बसलेला फ्लोरियान. बसलेला माणूस उभा राहिल्यावर कुठवर जाईल याचा अंदाज फोटोवरून येत नाही. स्पृहाच्या शेजारी तो उभा होता आणि मला वाटलं, विमानतळाचा खांब आहे. खांब पुढे आला, वाकला, आणि माझ्या दोन्ही बुटांवर सावली पडली. नमस्कार केला त्याने! मग माझ्या दोन्ही बॅगा एका हातात घेतल्या आणि दुसऱ्या हातात तू दिलेली लोणच्याची बरणी, तान्हं मूल धरावं तशी. तोंडावर सांगायचं होतं, पण तोंड माझ्या डोक्याच्या फूटभर वर. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर त्याने वरणभात खाल्ला, चार वेळा मागून. खाणाऱ्याला असं काही सांगणं बरं दिसत नाही.

तो किंडरगार्टनमध्ये शिकवतो, हे तुला ठाऊक आहे. “पुरुषासारखा पुरुष, आणि बालवाडीत?” असं म्हणाली होतीस. मी एकदा जाऊन पाहिलं. एक पोरगं त्याच्या गळ्यात, दोन दंडाला, एक पायावर बसलेलं, आणि हा त्या सगळ्यांसकट चालत चालत कुणाचा तरी हरवलेला मोजा शोधतोय. स्पृहाची नि त्याची ओळख झाली तीसुद्धा त्या अंगामुळेच. तिच्या प्रयोगशाळेत गुडघ्याच्या स्कॅनिंगवर काम चाललंय, त्यासाठी जाडजूड माणसांचे गुडघे हवे होते. त्याने दोन्ही दिले.

आता खेळाचं. तो खेळतो ते अमेरिकन फुटबॉल. यात पाय बॉलला फारसा लागत नाही, त्याला फुटबॉल का म्हणतात ते विचारू नकोस. एर्लांगेनजवळच्या एका गावात त्यांचा क्लब आहे, फेराइन म्हणतात इथे. प्रशिक्षक डेल नावाचे म्हातारे अमेरिकन. पूर्वी इथे अमेरिकन सैन्याची छावणी होती, ती उठली तेव्हा हे बायकोच्या माहेरी राहिले ते राहिलेच. त्यांनी मला बाकावर शेजारी बसवून खेळ समजावला. एक जण बॉल फेकतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणायचं. फोटो त्याचे, पैसा त्याला, पोरी त्याच्या मागे. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत, समोरून चाल करून येणाऱ्यांना अडवायला. ही ऑफेन्सिव्ह लाइन. आपला फ्लोरियान (आपला असं चुकून लिहिलं, राहू दे) त्या भिंतीच्या डाव्या टोकाला असतो. फेकणारा उजव्या हाताने फेकतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते, त्या बाजूने कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ती पाठ राखायची. तासन् तास राखली तरी कुणी नाव घेत नाही. चूक झाली की मात्र पंच सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा नंबर पुकारतो.

पहिल्या आठवड्यातच स्पृहाने सांगितलं की एप्रिलच्या शेवटी अमेरिकेत ड्राफ्ट असतो. तिथले मोठे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नव्या खेळाडूंची निवड करतात, सात फेऱ्या. गेल्या वर्षी इथल्या लीगमधल्या एका मुलाला थेट घेतलं, त्यामुळे डेलसाहेबांनी फ्लोरियानच्याही चित्रफिती पाठवल्या होत्या आणि एका संघाचा माणूस येऊन त्याला पळायला नि वजनं उचलायला लावून, मोजून गेला होता. निवड झाली तर त्याला अमेरिकेला जावं लागणार. आणि स्पृहाचं इथलं काम तर आणखी तीन वर्षं सुटणारं नाही.

वासंती, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला काही बोलायलाच नको! तो जाईल अमेरिकेला, ही राहील इथे, आणि उरलेलं काम अंतर करील. ना कुणाचं मन दुखावणं, ना माझ्या इंग्रजीची परीक्षा. दर रविवारी मी तुला फोनवर “काम मार्गावर आहे” असं सांगायचो ते याच भरवशावर.

मग मी जोमाने कामाला लागलो. स्पृहाच्या लॅपटॉपवर वाचायला घेतलं, ड्राफ्टमध्ये लाइनमनना, म्हणजे त्या भिंतीतल्या माणसांना, किती किंमत द्यावी. यावर अमेरिकेत लोक हमरीतुमरीवर येतात, गं. एक पक्ष म्हणतो, पहिल्या फेरीत धावणारा घ्या, झेलणारा घ्या, लोक तिकिटं त्यांच्यासाठी काढतात, अडवणारे काय नंतरही मिळतात. दुसरा म्हणतो, एवढा मोठा आणि तरी पायाने हलका माणूस दुनियेत मोजका, तो आधी उचला, कारण फेकणाराच आडवा पडला तर झेलणाऱ्याने काय झेलायचं? मी अर्थातच दुसऱ्या पक्षात गेलो. ट्रेनमध्ये, बेकरीत, क्लबात, भेटेल त्याला पटवत सुटलो. जणू मी एर्लांगेनमध्ये चार लोकांना पटवलं की अमेरिकेतले संघ ऐकणार होते.

एका शनिवारी डेलसाहेबांनी मला क्लबात उभंच केलं. म्हणाले, या गृहस्थांचं म्हणणं ऐका. मी सांगितलं की मी पिंपरीत जन्मभर गिअरबॉक्स तपासले. गिऱ्हाईक गाडीचा वेग बघतं. पण तक्रार होऊन परत आलेला गिअरबॉक्स उघडला की गिअर बहुतेक वेळा धडधाकट असायचे, बेअरिंगने मान टाकलेली असायची. बेअरिंगवर पैसे वाचवणारा कारखाना मी टिकलेला पाहिला नाही. डेलसाहेबांनी त्याचं जर्मन केलं. मंडळी टेबलांवर बुक्क्या मारायला लागली, इथे टाळ्यांऐवजी तसं करतात. “गेनाऊ! गेनाऊ!” म्हणजे अगदी बरोबर. आणि फ्लोरियानची आई, फ्राउ कोल्ब, डोळे पुसत माझ्याकडे आली. म्हणाली, माझ्या मुलाबद्दल आजवर लोक फक्त तो किती खातो तेवढंच बोलले, दहा मिनिटं त्याच्या बाजूने बोलणारे तुम्ही पहिले. मग तिने मला मिठी मारली. चारचौघांत. मी काय करणार, हात खाली ठेवून उभा राहिलो. मनात म्हटलं, बाई, तुझ्या पोराला सातासमुद्रापार घालवायला बोलतोय मी, आणि तू रडतेस.

ड्राफ्टचे पहिले दोन दिवस बड्या नावांचे. आमची आशा तिसऱ्या दिवसावर, चौथी ते सातवी फेरी. तो शनिवार होता. क्लबच्या खोलीत पडद्यावर लावलं होतं. सॉसेज होते, बटाट्याचं सॅलड होतं, माझ्यासाठी स्पृहाने थालीपीठं आणली होती आणि ती फ्लोरियानच संपवत होता. घाबरला की तो खातो. चौथ्या फेरीत नाव नाही. पाचव्या फेरीत एकाने चक्क नुसती किक मारणारा घेतला. नुसती किक, वासंती! सामन्यात चार वेळा येऊन बॉलला लाथ मारायची आणि परत बाकावर बसायचं. माझं डोकं फिरलं. सहाव्या फेरीत एका संघाने धावणारा घेतला, त्यांच्याकडे आधीच तीन धावणारे असताना. मी खुर्चीवरून उठून पडद्याला म्हणालो, “अरे मूर्खांनो, मागच्या हंगामात तुमच्या क्वार्टरबॅकचा खांदा कशाने गेला?” मराठीत म्हणालो, पण सगळ्यांना कळलं. सातवी फेरी आली. अर्धी झाली. फ्राउ कोल्बने माझा हात धरला होता, की मी तिचा, ते आठवत नाही. शेवटचं नाव वाचलं गेलं. कुणीतरी तिकडचाच. टाळ्या तिकडे वाजल्या.

मला भयंकर संताप आला होता. आणि तेव्हा लक्षात आलं, हा संताप माझं काम फसलं म्हणून नव्हता. आपल्या पोराला दहावीत कमी मार्क पडले की ज्या जागी कळ येते, तिथे आली होती.

फ्लोरियान उठला, लोकांच्या बश्या गोळा केल्या, विसळून ठेवल्या आणि बाक उचलून बाहेर नेऊ लागला. एकेका हातात एक बाक. तेवढ्यात डेलसाहेबांचा फोन वाजला. निवड न झालेल्यांनाही काही संघ सरावशिबिरापुरतं बोलावतात, नोकरीची हमी नाही, पसंत पडला तर ठेवतात. एका संघाला हा हवा होता, उत्तर लगेच हवं होतं. फ्लोरियानने फोन हातात घेतला, आणि त्यांना थांबायला सांगून मला बाहेर गाड्यांपाशी घेऊन गेला.

एक सांगायचं राहिलं. तो मला “अहो” म्हणतो. फोनवर तुझं ऐकून त्याला ते माझं नाव वाटलं, आणि स्पृहाने हसता हसता दुरुस्त केलंच नाही. तर म्हणाला, “अहो, तुम्ही मला नाही म्हणायला आला आहात. स्पृहाने पहिल्याच दिवशी सांगितलं.” मी गारच पडलो. पाच आठवडे ह्याला माहीत होतं! माझ्या बॅगा उचलताना, मी सायकलवरून पडलो तेव्हा मला डॉक्टरकडे नेताना, माझी भाषणं ऐकताना. विचारलं, मग तू काही बोलला का नाहीस? म्हणाला, “लाइनमनने बॉलच्या आधी हलायचं नसतं, दंड होतो.” मग म्हणाला, “आता सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी जातो आणि तिकडेच राहायचा प्रयत्न करतो. स्पृहाला तुमच्यात नि माझ्यात उभं राहायला लावणार नाही.”

मला ती तिन्ही वाक्यं पाठ होती. मराठीत आणि इंग्रजीत. तोंडातून निघालं ते एवढंच की “स्वेटर घाल, गारठा आहे.” आणि मग, “जा. खेळून ये. पण परत ये.”

तो गेला. त्या काळात मी तुला फोनवर हवामानच सांगत होतो, ते यामुळे. स्पृहा प्रयोगशाळेतून उशिरा यायची, जेवण चिवडायची. किंडरगार्टनच्या पोरांनी भिंतीवर त्याचं चित्र काढलं, कागद पुरले नाहीत म्हणून पाय दारावर आले. फ्राउ कोल्ब रोज संध्याकाळी केक घेऊन यायची आणि आम्ही दोघं एकमेकांची भाषा न येता एकाच माणसाबद्दल बोलत बसायचो. मेच्या शेवटी तो परतला. ठेवला नाही त्याला. ताकद आहे म्हणाले, पण उशिरा शिकलास, पावलं अर्ध्या क्षणाने मागे पडतात. हे त्याने जेवताना हसत हसत सांगितलं. मग पाणी आणायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी पाहायला गेलो. तो ओट्याला टेकून रडत होता, आवाज न करता, आणि स्पृहा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. त्या पाठीवर तिचा हात पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता. पण वासंती, आपल्या लेकीला मी इतकं शांत उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती त्याला समजावत नव्हती, डोळे पूस म्हणत नव्हती. नुसती होती. मी दारातूनच म्हणालो, “आल्झो, लग्न कधी करताय?” हे आल्झो म्हणजे ‘तर मग’. इकडे राहून लागलीय सवय.

तर पत्र लिहिण्याचं कारण हे. गुरुवारी मी एकटा येत नाहीये. ती दोघं माझ्याबरोबर येताहेत, तुला विचारायला. विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत तुला हे ठाऊक नसावं असा स्पृहाचा बेत होता, मी तो मोडतोय, कारण माझी बायको दारात उभी राहून गोंधळलेली मला बघवणार नाही. मी हो म्हटलंय ते फक्त माझ्यापुरतं. तुझं तू ठरव, मी एका शब्दानेही मध्ये पडणार नाही. तू नाही म्हणालीस तर तो ऐकून घेईल. बश्या उचलेल, विसळेल आणि जाईल. पण मग ते नाही तूच सांग. मला पाठवू नकोस. मला आता ते जमायचं नाही, माझा तो मुलगा झालाय.

तुझाच,
विलास

ता. क. : गुरुवारच्या आत दिवाणाखाली मधोमध दोन विटा लावून घे.