दुसरं बाळंतपण सासरी

ता. झरी जामणी,
९ नोव्हेंबर

प्रिय श्रावणदादास,

तुझ्या धाकट्या वर्षाचा नमस्कार. वहिनींना आणि पोरांना आठवण सांग. इकडे कापसाची वेचणी जोरात आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही. चिंटू आता सगळ्यांना नावाने हाक मारतो, आजोबांनासुद्धा! मी मजेत आहे.

फोनवरही तुला हेच सांगते ना? फोन सासूबाईंच्या मांडीवर असतो, स्पीकर चालू. म्हणून हे पत्र. आशाताई मला तपासायला येतात, त्या याचा फोटो काढून तुला पाठवतील आणि कागद चुलीत घालतील. अक्षर ओळखशीलच, तुझा मार खाऊन तर सुधारलंय.

चिंटूच्या बारशाला तुझ्या मानाचा दुपट्टा द्यायचा राहिला आणि या घराची पायरी पुन्हा चढणार नाही म्हणून तू निघून गेलास. चूक यांचीच होती. पण आता ये.

मला आठवा महिना लागलाय. पाय इतके सुजलेत की चपलेत जात नाहीत. डोकं ठणकतं, मधेच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आशाताईंनी बीपी मोजला आणि त्यांचा चेहराच उतरला. यवतमाळला आजच्या आज भरती व्हा म्हणाल्या. एकशे आठची गाडीही बोलावली. सासूबाईंनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि परत लावून दिलं. "पह्यलं माहेरी झालं, दुसरं सासरीच अस्ते, अन् ते घरीच होईन." हे म्हणाले, "माय म्हन्ते तं राहू दे न. कायले टेन्शन घेतं?"

दादा, सासूबाई दुष्ट असत्या तर सोपं होतं, भांडून निघाले असते. पण त्या माझे पाय मांडीवर घेऊन तेल चोळतात आणि चोळताना रडतात. मला दाराबाहेर जाऊ देत नाहीत. जीव लावलाय त्यांनी, आणि त्याच जिवाची मला भीती वाटते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, बबिताताई, तापाने गेल्या असं तुम्हाला कळवलं होतं. ते खरं नाही. त्यांचेही दिवस भरत आले होते, पाय असेच सुजले होते. एका दुपारी त्यांचे डोळे फिरले, दातखिळी बसली, अंग झटके देऊ लागलं. घरच्यांना वाटलं, देवी आली अंगात. कुंकू लावलं, उदबत्त्या पेटवल्या, सगळे हात जोडून बसले. अंगात आलेल्या बाईला कोण हलवणार? दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. सासूबाईंच्या लेखी मात्र दवाखान्यानेच मारलं. मला म्हणतात, "बबिताले नेलं अन् मुडदा आणला. तुले नाही देत मी त्यायले."

फोन करू नकोस. गाडी घेऊन भरदिवसा ये, चार माणसांदेखत. मानपानाचं नंतर भांडू, मीही तुझ्या बाजूने भांडेन. मी हसून पाणी दिलं, मजेत आहे म्हटलं, तरी ऐकू नकोस. सासूबाई समोर असल्या की माझ्या तोंडून दुसरं काही निघत नाही.

आणि मी बोलतच नसेन, डोळे पांढरे झाले असतील, घरचे सगळे माझ्यापुढे बसले असतील, तर तू हात जोडू नकोस. ती देवी नाही रे, मी आहे. उचल आणि गाडीत घाल.

तुझी, आज तरी शुद्धीत असलेली,
वर्षा