पडद्यावरचा टॉवेल

प्रिय राजस,

"उद्या दहापर्यंत नव्या वेबसाइटच्या स्वीकृतिपत्रावर सही करा, नाहीतर घरी बसा," असे एकोजी सरांनी आज सगळ्यांसमोर मला सुनावले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. साध्या मजकुरात लिहिते आहे, म्हणजे तुझा संगणक तुला एकटीलाच वाचून दाखवेल. तिसऱ्याने वाचण्यासारखे हे पत्र नाही.

अंबत्तूरच्या आपल्या कारखान्यात तुझ्या टेबलावर आता हरिणी बसते. तुझ्यासारखीच जन्मांध, तुझ्यापेक्षा तोंडाळ. कानाने ऐकत ती ऑर्डरी इतक्या भराभर नोंदवते की डोळस मुले मागे पडतात. आता ऑर्डरींसाठी शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीने नवी वेबसाइट करून दिली आहे. तिच्यावर हरिणीला नुसते "बटन, बटन, बटन" ऐकू येते. कोणत्या बटनाने काय होते, हे आत कुणी लिहिलेलेच नाही. त्या कंपनीचा कार्तिकेय म्हणतो, "मॅडम, अंधांसाठी वेगळा प्लग-इन वरून जोडलाय. पान स्वतःच बोलतं!" बोलते खरे. पण हरिणीचा संगणकही बोलतो, दोघे एकदम. "लग्नाच्या हॉलमधल्या दोन आत्या," ती म्हणाली.

मी पडद्यावर टॉवेल टाकला, माऊस काढून घेतला आणि कार्तिकेयला म्हटले, नोंदव एक ऑर्डर. माप तपासायचा गेज लावल्याशिवाय बोल्टची पेटी मी कधी सोडली नाही, वेबसाइट का सोडू? अकराव्या मिनिटाला त्याने गिंडीच्या गिऱ्हाइकाची चालू ऑर्डर रद्द करून टाकली.

सर म्हणाले, प्लग-इन आहे ना, मग अडले कुठे? मी म्हटले, आपला बोल्ट कुठल्याही कारखान्याच्या नटात बसतो, कारण आट्यांचे माप सगळ्यांना खुले आहे. वेबपानांचेही तसेच खुले नियम आहेत. ते पाळून पान लिहा, प्रत्येक बटनाला नाव द्या. हरिणीचा आजचा संगणक वाचेल, उद्या दुसरा आणला तरी तोही वाचेल. प्लग-इन चालतो तो त्याच्या मालकाची मर्जी असेतो.

हे मी कुठे शिकले, ते तुला सांगायचे राहिले आहे. २००७ साली आलेले ऑर्डरींचे पान प्लग-इनवरच चालायचे. त्यापुढे तुझा संगणक मुका झाला. तुला नुसते फोनपाशी बसवले आणि चार महिन्यांत तू राजीनामा दिलास. सरांनीच तुला घालवले असे तू आजवर समजतेस, आणि मी ते समजू दिले. त्या वेळच्या स्वीकृतिपत्रावर एक प्रश्न होता: सर्व कर्मचाऱ्यांनी वापरून पाहिले का? तुला न विचारता मी 'होय' लिहिले आणि सही केली. घाई होती, दुसरे कारण नाही. पुढे तो प्लग-इनच बंद पडला, पान कोरे झाले. तू मात्र परत आली नाहीस. माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील. उद्या तोच प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आहे, आणि या वेळी उत्तर खरे जाणार आहे.

तुझीच,
अलमेलू

ता. क. सकाळी दहा वाजता सुपूर्द केले. एकोजी सरांच्या हाती: नवे स्वीकृतिपत्र, त्या प्रश्नापुढे 'नाही' आणि खाली माझी सही, २००७च्या पत्राची प्रत, आणि घरी बसवलेच तर म्हणून गेजच्या कपाटाची किल्ली. हरिणीच्या हाती: टॉवेल. कार्तिकेय परत आला की लागेल.