कापडापलीकडचा जावई

काब्वे,
९ जानेवारी १९९९

ताई,

गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. आम्ही सगळे सुखरूप घरी पोचलो. इकडे पाऊस बरा आहे, मका कमरेला लागलाय. शेजारणीच्या कोंबड्या अजून माझ्याच अंगणात अंडी घालतात आणि ती अजून तोंड वर करून मागायला येते. तुझा गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल लावतेस, की नुसतं फळीवर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतेस?

तू रागावली असशील, ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर तू कासामाच्या फलाटावर उकडलेल्या रताळ्यांची पाटी घेऊन उभी होतीस आणि कांग्वाने खिडकीतून सांगितलं, "मावशी, आई झोपलीय." मी झोपले नव्हते. तुझा आवाज मला अगदी स्वच्छ ऐकू येत होता. "भर दुपारी झोपायला ही काय बाळंतीण आहे का?" असं तू म्हणालीस. त्याचं पुढे सांगते. आधी समुद्राचं ऐक, कारण आपल्या घराण्यात समुद्र बघितलेली मी पहिली बाई आहे आणि हे मी आता मरेपर्यंत सांगत सुटणार आहे.

जातानाची गंमत तू डोळ्यांनी बघितलीसच. पोरांच्या शाळेला सुट्टी लागली, कांग्वाला दवाखान्यातल्या नोकरीतून रजा मिळाली, आणि तिने हट्टाने आम्हा सगळ्यांना एकाच डब्यात, एकाच खोलीत कोंबलं. मी, ती, थांडीवे, धाकटा, आणि पोरांचा बाप. दोन दिवस, दोन रात्री! सासूने जावयासमोर यायचं नाही, त्याच्यादेखत खायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, वाटेत समोरून आला तर रस्ता सोडून झाडीत शिरायचं. हे मला शिकवलं कुणी? तूच. अख्ख्या कासामाच्या पोरींना लग्नाचे धडे देणारी तू. मग मी काय करणार? कमरेला गुंडाळायचं माझं निळं चितेंगे काढलं आणि दोन बाकांच्या मध्ये आडवं बांधलं. कापडाच्या अलीकडे मी, पलीकडे तो.

आणि तू काय केलंस? फलाटावर दहा माणसांत ओरडलीस, "अगं, हे काय, गाडीत घर बांधलंस की काय? नऊ वर्षं झाली! भांडी मांडून त्या पोराला एकदाचं आत घे, म्हणजे तोही सुटेल नि तूही सुटशील. आणखी किती नातवंडं झाल्यावर घेणार आहेस?" पलीकडे तो शिंकसुद्धा दाबून बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कांग्वा तर खिडकीबाहेर बघायला लागली, आणि तिचे डोळे भरले होते. तिच्या मैत्रिणींचे नवरे केव्हाच भांडी मांडून, जेवण घालून सासरी आत घेतले गेले, त्यांचं लपणंछपणं संपलं. हिच्याच नवऱ्याला माहेरच्या अंगणात जेवायला झाडामागे बसावं लागतं.

माझं कारण तुला ठाऊक आहे. एक तर न्गोनी जमातीचा, उंदीर खाणाऱ्यांतला. त्याचं एक वेळ सोड, आपल्यालाही ते माकडखाऊच म्हणतात. पण त्यात ट्रकवाला. दर महिन्याला दार एस सलामच्या बंदरावर माल आणायला जाणार, चार चार दिवस तिथे राहणार. अशा माणसाचं तिकडे दुसरं बिऱ्हाड नसेल तर माझं नाव बदल, असं मी म्हणायचे. ज्याची खात्री नाही त्याला घरात कसा घेऊ? माझी लेक आहे ती, मक्याचं पोतं नव्हे.

तर गाडी. आमचा सगळा कारभार थांडीवेच्या तोंडून चालायचा. आठ वर्षांची आहे, पण वकील होणार ती. पलीकडून आवाज यायचा, "थांडीवे, आजींना विचार, खिडकी लावू का?" मी म्हणायचे, "थांडीवे, सांग, उकडतंय." हे सगळं हाताच्या अंतरावर! शेवटी पोरगी वैतागली. "आजी, तुम्हां दोघांना ऐकू येतं ना? मग मी मध्ये कशाला?" मी म्हटलं, "रीत आहे." तर म्हणते, "माकडांची रीत." मी तिला एक चापट दिली आणि दोघी हसून हसून लोळलो. कापडापलीकडेही हसण्याचा आवाज झाला आणि लगेच थांबला.

सीमा ओलांडल्यावर पुढे एक मोठं रान लागतं. माझ्या बाजूला जिराफ दिसले, तीन, आमच्या चर्चच्या घंटेच्या मनोऱ्याइतके उंच. आणि त्याच्या बाजूला हत्ती! पोरं इकडून तिकडे धावतायत, "आजी, हत्ती! पिल्लू पण आहे!" आणि मी कापडाकडे तोंड करून बसलेली. आयुष्यात हत्ती बघितला नाही, आणि आताही बघितला नाही. कांग्वा म्हणाली, "आई, जरा कापड बाजूला कर, ते डोळे मिटून घेतील." मी नाही म्हटलं. माझा हट्ट तुला माहीतच आहे.

दार एस सलामला उतरलो. ताई, काय ते शहर! काय ती माणसं, काय ते नारळ! घामाने साबण लावल्यासारखं वाटतं. आम्ही बोटीतून खाडी ओलांडली, बोटीत गाड्यासुद्धा चढतात. मासळीबाजारात माझ्याएवढा मासा बघितला. बंदरावर घराएवढी जहाजं बघितली आणि थांडीवेने मला सांगितलं, की बाबा ज्या जहाजांचा माल काब्वेला आणतात ती हीच. त्याने मुद्दाम तिच्याकरवी सांगायला लावलं असणार.

आणि समुद्र. मी काय सांगू? आपल्या बांग्वेउलूच्या दलदलीला मी मोठं पाणी समजत होते. इथे पलीकडचा काठच नाही. मी चितेंगे गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाण्यात उभी राहिले. रडले. चव घेतली, खारट. एक बाटली भरून आणलीय तुझ्यासाठी, पिऊ नकोस. मी पाण्यात होते तोवर तो लांब नारळापाशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. उन्हात. कांग्वाने हाक मारून बोलावलं, तरी वळला नाही. माझे गुडघे उघडे होते ना.

तेव्हा मनात म्हटलं, वागतो तर नीट आहे. पण लगेच दुसरं मन म्हणालं, चांगला वागतो म्हणजे काहीतरी लपवतोय.

आता ते ऐक, ज्यासाठी मी झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी कारियाकूच्या बाजारात गेलो. कांग्वा पोरांसाठी बूट बघत होती. तो पुढे गेला आणि मी, खरं सांगते, हळूच त्याच्या मागे निघाले. बघू तरी, इथे कुणाशी बोलतो, कोणती बाई याला ओळखते. चार गल्ल्या मागे मागे गेले. एका कोपऱ्यावर तो अचानक माघारी वळला आणि आम्ही समोरासमोर! मग काय झालं असेल? नऊ वर्षांची सवय. मी झटकन डावीकडच्या बोळात शिरले, तो झटकन उजवीकडच्या. रस्ता रिकामा. झाडीत शिरायचं तसं मी त्या बाजारात शिरले, आणि दोन वळणं झाल्यावर कळलं, की मी हरवलेय.

हसू नकोस. तिथल्या बोळांना टोकच नाही. एकात बादल्या, दुसऱ्यात गाद्या, तिसऱ्यात पुन्हा बादल्या, आणि त्या मघाच्याच की दुसऱ्या कोण जाणे. मला भाषा येत नाही. उतरलो होतो त्या घराचा पत्ता कांग्वाच्या पिशवीत. शेवटी कांगा, म्हणजे तिकडची अंगावर गुंडाळायची कापडं, विकणाऱ्या एका बाईच्या ठेल्याशी मटकन खाली बसले. तुंपे तिचं नाव, देवाने भेटवली. सीमेवरच्या तुंडुमाची निघाली, आपली बोली बोलत होती, मोडकीतोडकी. तिने पाणी दिलं, डोक्याला आणि अंगाला एक कांगा गुंडाळायला दिला, ऊन फार होतं. म्हणाली, "बस आई, शोधत येतील. कोण आहे बरोबर?" मी म्हटलं, "लेक." तो आहे हे सांगितलं नाही.

बराच वेळ गेला. आणि मग बोळाच्या तोंडाशी तो दिसला. ताई, कसा चालत होता माहितेय? कमरेत वाकून, मान खाली घालून, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पायांकडे बघत. प्रत्येकीच्या! बायका शिव्या देत होत्या. एकीने तर पिशवी उगारली, काय ओरडली ते तुंपेने हसत सांगितलं, "काय हरवलंय रे तुझं तिथे?" तो हात जोडत होता आणि पुन्हा पुढच्या पायांकडे बघत होता. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं याचं.

तो तुंपेच्या ठेल्याशी आला आणि तिला तिथल्या भाषेत काहीतरी विचारलं. तिने ते माझ्याकडे वळून आपल्या बोलीत सांगितलं, तिला काय माहीत मी कोण ते. "वेडाच आहे बिचारा. म्हणतो, माझी आई हरवलीय. म्हटलं, दिसते कशी? तर म्हणतो, चेहरा नाही सांगता येणार, मी कधी वर मान करून बघितलंच नाही. पण पाय लाखांत ओळखीन. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. शिलाईचं मशीन पायाने मारून मारून टाच एका बाजूने झिजलेली आहे. आणि घोट्यावर तेल उडाल्याचा डाग आहे, माझ्या लग्नात तळण काढताना उडालेलं."

माझे पाय कांग्याखाली होते.

ताई, मी चाळीस वर्षं मशीन चालवलं. त्या करंगळीकडे माझ्या नवऱ्याने कधी बघितलं नाही, देव त्याला शांती देवो. पोटच्या लेकीला विचार, टाचेचं तिला माहीत नाही. आणि हा. नऊ वर्षं मी त्याला झाडामागे बसवलं आणि नऊ वर्षं त्याला माझं जेवढं बघायची मुभा होती तेवढं त्याने मन लावून बघितलं. आणि मी त्याच्या मागे कशासाठी फिरत होते? त्याचं दुसरं बिऱ्हाड शोधायला.

मी नुसता पाय पुढे केला असता तरी त्याने ओळखलं असतं. रीतही राहिली असती, तोंडही उघडावं लागलं नसतं. पण मला ते पुरेना. मी उठून उभी राहिले आणि भर बाजारात त्याचं नाव घेतलं. "जेरे! अहो जेरे! मी इथे आहे."

तो होता तिथेच रस्त्यात बसला. मान खालीच. थोरांना मान देताना वाजवतात तशा टाळ्या वाजवायला लागला, थांबेचना, आणि रडत होता लहान पोरासारखा. "आई, चुकलं माझं, मी दुसऱ्या बोळात नको होतं जायला," एवढंच म्हणत होता. मी म्हटलं, "चुकलं ते माझं. आता वर बघा." बघेना. मी म्हटलं, "जेरे, मी सांगतेय. वर बघा. पुन्हा हरवले तर काय फक्त पायांवरून शोधणार आहात?" मग त्याने बघितलं. डोळे चांगले आहेत त्याचे, ताई. थांडीवेचे तिथूनच आलेत, मी उगाच आपल्या आईचे म्हणत होते.

तुंपे कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "हा तर तुमचा जावई! आई काय म्हणतो मग?" मी म्हटलं, "म्हणतो. माझा आहे, म्हणून म्हणतो." इतक्या ताठ मानेने मी कांग्वाच्या परीक्षेच्या निकालाचंही कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता खरं ते. आम्ही दोघं तिथेच जेवलो. भाजलेली मोगो, आपल्या कसाव्याचीच मुळं, आणि तळलेली मासळी, एका कागदावर, एकमेकांसमोर बसून. भांडी मांडली गेली नाहीत, गाणी म्हटली नाहीत, तुझी परवानगी नाही, थोरल्या भावाचा निरोप नाही, आणि सासू जावयाबरोबर रस्त्यावर जेवली. त्याने आधी घास घ्यायला नकार दिला. मी म्हटलं, "मला भूक लागलीय आणि एकटीने खायची मला सवय नाही." कांग्वा शोधत शोधत आली तेव्हा मी माशाचा काटा काढून त्याच्या बाजूला सारत होते. ती बुटांचं खोकं छातीशी धरून नुसती उभी राहिली.

परतताना ते निळं कापड मी बांधलंच नाही. हत्ती बघितला, पिल्लूही. जेरेने बोट दाखवून दाखवला. वाटेत त्याने मला सगळं विचारून घेतलं, नऊ वर्षांचं साचलेलं. केवढा बोलतो गं तो! डोकं उठवलं माझं. मग कासामा आलं. मला रताळ्यांचा वास आला, तुझा आवाज आला, आणि मी त्याच्यासमोर पडद्याविना बसलेली, हातात त्याने सोललेलं केळं. रीत शिकवणाऱ्या बाईसमोर मी कोणत्या तोंडाने खिडकीत येणार होते? तेच कापड डोक्यावरून ओढून घेतलं आणि आडवी झाले. तुला भ्यायले, ताई. पण जे केलं त्याची लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

तर आता माझं ऐक. ईस्टरला ये. थोरल्या भावाला मी स्वतः निरोप धाडते, तो नाही म्हणणार नाही. कोंबड्या मी कापेन, घेवडा, शेंगदाण्याची भाजी, सुकी मासळी, सुरवंट, सगळं मी रांधेन, एकही भांडं दुसरीला करू देणार नाही. गाणाऱ्या बायका तू आण. त्याला अंगणात नको, आतल्या खोलीत, चटईवर मधोमध बसवायचं. तू एकेका भांड्यावरचं झाकण काढायचंस आणि त्याला सांगायचंस, की हे काय आहे, हे का दिलं, आणि आजपासून तू या घरातला कसा. ते सांगणं तुझ्याइतकं कुणाला येत नाही. बायका विचारतील, आधीच जेवलात म्हणे बाजारात. तर सांग, हो. सासूला भूक लागली होती.

पण गुडघा दुखतो, पाऊस आहे, मान राखला नाही असलं काही कळवून टाळू नकोस. भांडी मी त्या दिवशी मांडणारच आहे, ताई. तू आली नाहीस, तर झाकणं मी काढीन.

वाट बघणारी तुझी धाकटी,
आणि जेरेची सासू