तारेत न बसणारे पत्र

॥ श्री ॥
कोल्हापूर, दि. १२ मार्च १९७८

ती. दादास,
कालिंदीचा शि. सा. न. वि. वि.

हे पान अकरावे आहे, पण सर्वांत वर ठेवते. खालची दहा सावकाश वाच. त्यांत वाचनालयाचे नियम आहेत, कपाटांची आकृती आहे आणि तुझ्या शाळेने काय करावे तेही आहे. घाईत असशील तर एवढेच वाच.

मी बायकांसाठी वाचनालय काढले. आमच्याच पुढच्या सोप्यात. चार दिवसांत गल्लीतून दोनशे चौदा पुस्तके गोळा केली. एकाही घरातून मोकळ्या हाताने परतले नाही. गणपतरावांनी सायकलला बांधून फळ्या आणल्या. ते म्हणतात, आता तरी खाली बस. मी उभ्यानेच जेवते. शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, बाई, तुमच्या पायाला भिंगरी कुणी बांधली व्हय? मी म्हटले, बांधली नाही, उगवली.

झोप दोन तास पुरते. बाकीचे तास इतकी वर्षे मी कुठे टाकून देत होते, याचा हिशेब लागत नाही. सगळे स्पष्ट दिसते, दादा. शाळेत फळ्यावर लिहिताना पुढचे वाक्य आधीच लिहिलेले दिसते. माईला सांग, तिची मुलगी छत्तिसाव्या वर्षी जागी झाली.

समासही भरला. कागद संपला, मी संपले नाही. लोभ आहेच, तो दुप्पट कर.

तुझी
कालिंदी


॥ श्री ॥
आजरा, दि. २० मार्च १९७८

चि. सौ. कालिंदीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पोस्टमन मौलालीने ते दोन हातांनी दिले आणि विचारले, मास्तर, पेपर तपासायला आले काय? अकराही पाने वाचली. माझ्या शाळेने काय करावे हे शाळेला न कळवलेले बरे.

आप्पांच्या वेळची पत्रांची तार अजून त्याच खुंटीला आहे. आलेले पत्र वाचून झाले की मी तिच्यात ओवतो. तुझे ओवले गेले नाही. टोक आत शिरले, पलीकडून निघाले नाही. म्हणून सुतळीने बांधून खाली टांगले आहे. माई म्हणते, पत्राला फाशी दिलीस.

सध्या गावभर काजूच्या टरफलांचा धूर आहे. माईचे डोळे चुरचुरतात, तरी ती विचारते, उभ्याने जेवणाऱ्या बाईच्या अंगी काय लागणार.

एक गोष्ट. तार चाळताना १९७५ चे तुझे सतरा पानांचे पत्र हाती आले, चार-चार पाने सुटी करून ओवलेले. घरोघरी संस्कृत शिकवण्याविषयीचे. त्यानंतर पाच महिने तारेत तुझे काहीच नाही. एवढेच दिसले. झोपेविषयी लिहिलेस ते मला आवडले नाही.

लोभ आहे तेवढाच आहे. दुप्पट करायला आधी तू झोप.

तुझा
दादा


॥ श्री ॥
कोल्हापूर, दि. ४ मे १९७८

ती. स्व. नृसिंहरावांस,
गणपतरावाचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. जिल्हा परिषदेत दिवसभर लिहितो, पण ते आलेल्या टिपणावर शेरा मारण्यासारखे असते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या आठवड्यात सौ. कालिंदीने सहावीच्या एकोणीस मुली भल्या पहाटे घराघरांतून बोलावून घेतल्या आणि त्यांना चालत जोतिबाला नेले. शाळेला विचारले नाही, मलाही नाही. मुलींना सांगितले की भूगोल पायांनी शिकायचा असतो. चढावर एक मुलगी चक्कर येऊन पडली. ती आता बरी आहे. पालक दारात आले. एक जण म्हणाला, मास्तरीण हाय का येडी? त्याचे मी काही चुकीचे म्हणू शकलो नाही. शाळेने तिला दोन महिन्यांची रजा घ्यायला लावली आहे.

त्यानंतर आठ दिवसांत ती विझली. अंथरुणातून उठत नाही. वेणी घालत नाही. वाचनालयाच्या बायका येऊन पुस्तके स्वतःच नेतात आणि वहीत नोंद करून जातात. ती भिंतीकडे तोंड करून ऐकते. काल म्हणाली, त्या मुलीला मी मारले असते. मी म्हणालो, मुलगी शाळेत जाते आहे. ती म्हणाली, म्हणून काय झाले.

शालूबाई म्हणतात, देवऋष्याला दाखवा, बाहेरचे काही आहे. मी म्हणालो, मला आतले वाटते.

आणखी एक. आपल्या बाळाबाई आत्यांविषयी मला परवा तिसऱ्याच माणसाकडून कळले. लग्नाच्या वेळी त्यांचे नाव कुणी काढले नाही. काढले असते तरी मी लग्न केलेच असते. पण काय बघत राहायचे ते मला कळले असते.

माझा राग नाही. मला भीती वाटते. उत्तर लवकर द्यावे, एवढी कृपा.

आपला
गणपतराव


कोल्हापूर, ९ जून ७८

ती. दादास, शि. सा. न.
येथील सर्व ठीक. आंबे पोचले, दोन नासले होते. गणपतरावांना सर्दी आहे. पाऊस अजून नाही. माईला नमस्कार. तिने डोळे जपावेत. तूही जपावेस.
कालिंदी


आजरा, दि. १३ जून १९७८

चि. कालिंदीस,
आशीर्वाद.

तुझे ९ तारखेचे कार्ड काल मिळाले. कसे मिळाले ते लिहितो.

मौलाली फाटकाशी थांबला. रोज तो ओसरीपर्यंत येतो. तिथूनच म्हणाला, मास्तर, जरा भाईर येताय? त्याने कार्ड उलटे धरले होते आणि माझ्याकडे पाहत नव्हता. कार्डाचा वरचा एक कोपरा फाडलेला होता. असे कार्ड मयताच्या घरून येते, हे तुला सांगायला नको. माईने दारातून पाहिले. ती आत गेली आणि बंब पेटवला. कोण गेले हे कळण्याआधी तिने अंघोळीचे पाणी तापत ठेवले.

मी फाटकाबाहेर उभा राहून वाचले. अक्षर तुझे होते. आंबे होते, सर्दी होती. मी तीन वेळा वाचले. मग माईला ओरडून सांगितले, कुणी नाही, कुणी गेलेले नाही. तिने विचारले, मग कोपरा? मी म्हणालो, पोस्टात फाटला असेल. मौलाली म्हणाला, न्हाय मास्तर, पोस्टात असं सरळ फाटत न्हाय की.

सरळ फाटत नाही. मीही पाहिले.

मी रागावलेलो नाही. कुणाला सांगणारही नाही, गणपतरावांखेरीज. त्यांना आजच वेगळे पत्र टाकले आहे. तुला एकटे ठेवू नका, असे कळवले आहे. मला एवढेच सांग, कोपरा कोणी फाडला? उलट टपाली लिही. एक शब्द लिहिलास तरी चालेल.

वाट पाहत आहे. तिलाच लोभ समज.

दादा


कोल्हापूर, दि. १७ जून १९७८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी फाडला.

मजकूर लिहून झाला होता. आंबे, सर्दी, सगळे. मग बोटांनी तो कोपरा काढला, शिवण संपली की दोरा तोडतो तसा. कार्ड पेटीत टाकले तेव्हा बरे वाटले. खूप दिवसांनी बरे वाटले, म्हणून घाबरले.

मला मरायचे होते असे लिहू का? ते खरे नाही. खोटेही नाही. मला तुला काहीतरी कळवायचे होते आणि ते मजकुरात लिहिता येत नव्हते. माईने बंब पेटवला हे तू लिहायला नको होतेस. नाही, बरे केलेस.

बाळाबाई आत्या मला आठवते. मी सात वर्षांची होते. ती आठ-आठ दिवस गात असे, अंगण सारवत असे, परत सारवत असे. मग महिनोन्‌महिने तोंड भिंतीकडे. मी आता ज्या कुशीवर असते त्याच कुशीवर. एके दिवशी तिला नवे लुगडे नेसवले आणि मोटारीत बसवले. मला सांगितले, आत्या गावाला जाते आहे. ते गाव म्हणजे वेड्यांचे इस्पितळ होते; तिकडून आपल्या घरी एकच कार्ड आले. त्याला कोपरा नव्हता.

मार्चमधली मी आणि ही मी, दोघी एकच आहोत, दादा. मला हे गेल्या महिन्यात कळले. मला डॉक्टरांकडे जायचे आहे. पण डॉक्टर म्हणतील, हो, ही तिच्यासारखीच. मग तुम्ही मला नवे लुगडे नेसवाल.

गणपतराव कामावर जात नाहीत. समोर बसून वर्तमानपत्र वाचतात. कालचेच.

लोभ असू दे म्हणायचा हक्क उरला असेल तर असू दे.

कालिंदी


आजरा, दि. २० जून १९७८

चि. कालिंदीस,
आशीर्वाद.

लिहिलेस, फार चांगले केलेस.

बाळाबाई आत्याचे तुला ठाऊक नसलेले लिहितो. तिची पत्रे येत असत. आप्पा ती न वाचता चुलीत घालत. पहिले एक मी पाहिले होते. तिने लिहिले होते, आता मला बरे आहे, झोप येते, कुणी न्यायला या. आप्पा गेले नाहीत. मीही गेलो नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. एस.टी.त बसायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

ती आजाराने राहिली नाही तिथे. आम्ही आणायला गेलो नाही म्हणून राहिली. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. माईलाही नाही.

मिरजेला मनोविकारांचे डॉक्टर आहेत. गणपतरावांचे मेमधले पत्र आले तेव्हाच त्यांना लिहिले होते. १ जुलैला बोलावले आहे. आदल्या दिवशी मी कोल्हापुरास येतो. जाताना बरोबर असेन, आत बरोबर असेन, येताना बरोबर असेन. तू जे लुगडे रोज नेसतेस तेच नेस.

तुझा
दादा


॥ श्री ॥
कोल्हापूर, दि. २ जुलै १९७८

ती. माईस,
नृसिंहाचा शि. सा. न. वि. वि.

काल जाऊन आलो. तिघेही परत आलो आहोत, हे आधी लिहितो.

सकाळच्या गाडीने निघालो. हातकणंगले स्टेशनात गाडी थांबली तशी कालिंदी उठली आणि खाली उतरली. तिच्यामागे मी उतरलो, माझ्यामागे गणपतराव. गाडी निघून गेली. हमाल म्हणाला, पावणं, हे मिरज न्हाय. गणपतराव म्हणाले, ठाऊक हाय. तिघे बाकावर बसलो. मी तिला चल म्हणालो नाही आणि परत फिरू असेही म्हणालो नाही. तासाभराने ती म्हणाली, तुम्ही दोघे काय माझी राखण करताय? गणपतराव म्हणाले, न्हाय, गाडीची वाट बघतोय. कुठल्या गाडीची ते त्यांनी सांगितले नाही. पुढची मिरजेची गाडी आली तेव्हा तीच आधी चढली.

दवाखान्यात कंपाउंडर उशिराबद्दल कुरकुरला. डॉक्टर कुरकुरले नाहीत. त्यांनी विचारले, हे कधीपासून? गणपतराव म्हणाले, मार्चपासून. कालिंदी म्हणाली, जन्मापासून. मी पिशवीतून तार काढली. १९६९ पासूनची तिची सगळी पत्रे मी तारेसकट नेली होती. डॉक्टरांनी ती सोडवून तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. जाड पत्रे, मग कार्डे, मग नुसती जागा. नऊ वर्षांत चार वेळा. ती बघत उभी राहिली. म्हणाली, मला वाटले होते दर वेळी नवेच काही होते.

डॉक्टरांनी कोपऱ्याविषयी तिला सरळ विचारले. तिने सरळ सांगितले. ते म्हणाले, पक्के नाव द्यायला अजून दोन-तीन भेटी हव्यात. पण हा चढउतारांचा एकच आजार दिसतो, त्याला मॅनिक-डिप्रेसिव्ह म्हणतात. तो स्वभाव नाही आणि शापही नाही. औषध आहे, ते दीर्घकाळ घ्यावे लागते, रक्त तपासत राहावे लागते. तसा विचार पुन्हा आला तर ज्या क्षणी येईल त्या क्षणी घरात सांगायचे. तिने एकच प्रश्न विचारला, मला इथे ठेवणार का? ते म्हणाले, नाही. कधी ठेवावेच लागले तर घरचे माणूस शेजारच्या खाटेवर राहील, आणि घरी कधी जायचे त्याबद्दल पहिल्याच दिवशी बोलू.

माई, तू तिला अळणी सोमवार धरायला कळवले आहेस. या औषधाबरोबर मीठ तोडून चालत नाही, असे डॉक्टर बजावून म्हणाले. तुझे सोमवार तू कर. तिला सांगू नकोस.

बाळाबाई आत्याविषयी मला तुझ्याशी बोलायचे आहे. घरी आल्यावर बोलेन.

आशीर्वाद पाठव. इथे तिघांनाही लागतील.

नृसिंह


॥ श्री ॥
कोल्हापूर, दि. २४ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
कालिंदीचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर हलते आहे ते औषधाने. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, बोटे थोडी थरथरतात. परवा चौथ्यांदा रक्त दिले. कंपाउंडर आता नावाने हाक मारतो. शाळेने दिवाळीनंतर ये म्हटले आहे, आधी चौथीचा वर्ग. मी कबूल केले. जोतिबाच्या चढावर पडलेली मुलगी वाचनालयात येते. काल पुस्तक बदलताना म्हणाली, बाई, परत चालत कधी जायचं? गणपतराव आतून म्हणाले, एस.टी.नं जावा. मी हसले. हसल्यावर लगेच घड्याळाकडे पाहिले, फार वेळ हसले का ते.

हेच तुला लिहायचे होते. वाईट दिवसाची भीती आता कमी आहे; तो आला तर कुणाला सांगायचे ते ठाऊक आहे. भीती चांगल्या दिवसाची वाटते. आज सकाळी ऊन पडले, रंकाळ्यावरून वारा आला आणि मला वाटले, घरातली सगळी कपाटे बाहेर काढून रंगवावीत. हे माझे वाटणे आहे की आजाराचे? पूर्वी मला असा प्रश्न पडत नसे. मी एकच कपाट काढले. निम्मे रंगवले. मग बसून जेवले.

मला आतून कळत नाही, तुला बाहेरून दिसते. तेव्हा एक काम कर. माझे पत्र आले की वाचण्याआधी तारेत ओवून बघ. जाड वाटले तर कळव. महिनाभर आले नाही तर निघून ये.

हे दुसरे पान. तिसरा कागद घेतला होता, तो परत ठेवला. भीतीने ठेवला की सांगायचे संपले म्हणून, ते मला सांगता येत नाही.

हे तारेत बसते का, तेवढे उलट टपाली लिही.

तुझी
कालिंदी