पफिनचं माहेर

रविवार, ११ जून २००६, बेसिंगस्टोक, इंग्लंड

दुपारी पुण्याहून आईचा फोन आला. "पहिलं बाळंतपण माहेरीच!" पुन्हा तेच.

कालच वेल्सच्या एका बेटावर पफिन पाहिले. हिवाळाभर हे पक्षी समुद्रावरच राहतात. वसंतात अंडं घालायला तेवढे जमिनीवर येतात, दरवर्षी त्याच जुन्या बिळात. ऑगस्टच्या सुमारास परत समुद्रात. म्हणजे बाळंतपणाला माहेरीच की! आईला हे कळायला नको. पण बोटवाला म्हणाला, अंड्यावर नरही बसतो. ते ऐकून नवरोबा लगेच ताठ, "मी डिसेंबरात पॅटर्निटी लीव्ह घेतोच आहे." मग माझं बीळ कुठलं? इथलंच.

आईला ठणकावून सांगितलं, "मी येत नाही. तूच ये." जास्त बोलले का? छे!

मग आई हळूच म्हणाली, "तिकडे डिसेंबरात थंडी किती असते गं?"